लोखंडी पुलाचे वय

विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. गाडी ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ची, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या बीबीसीआयची. दिवसातून एक जाणे आणि एक येणे, एवढाच तिचा पसारा होता. सकाळी पावणेसातला ती विरार सोडी आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत निघे. तिच्या थांब्यांची नावे नोंदलेली आहेत: नीला, बसीन, पांजे, बेरेवला, पहाडी, अंदारू, सांताक्रूझ, बांदोरा, माहीम, दादर, ग्रँट रोड. नीला म्हणजे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई, बेरेवला म्हणजे बोरिवली, पहाडी म्हणजे गोरेगाव आणि अंदारू म्हणजे अंधेरी.

या यादीतले एक नाव आजच्या वेळापत्रकात सापडत नाही, ते म्हणजे पांजे. वसई आणि बोरिवली यांच्या मध्ये ते येते. वसईच्या खाडीत पाणजू नावाचे बेट आहे आणि भाईंदरहून नायगावला जाणारा लोहमार्ग त्याच बेटावरून जातो. दक्षिणेला खाडीचे मोठे पात्र, उत्तरेला लहान पात्र आणि मध्ये बेट. तेव्हा वेळापत्रकातल्या या एका शब्दावरून एवढे ठरते की, १८६७ च्या एप्रिलात खाडी एका पुलाने नव्हे, दोन पुलांनी ओलांडली जात होती, दोन्ही पूल रोजच्या प्रवासी वाहतुकीला वापरात होते आणि त्यांच्या मध्ये गाडी थांबतही होती. पूल दिसायला कसे होते, कशाचे होते, कोणी बांधले, याबद्दल वेळापत्रक काही बोलत नाही. त्यासाठी इतर कागद उघडावे लागतात. अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेले निबंध, जूलंड डॅनव्हर्स या सरकारी संचालकाने दरवर्षी भारतमंत्र्यांना सादर केलेले रेल्वेचे अहवाल, १८८२ साली निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि खुद्द लोखंड.

असे कागद शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या पुलावर एक साल कोरून मोकळे होण्याची आपली सवय लोखंडी पुलाला लागू पडत नाही. दगडी कमान बांधली त्या दिवसापासून पडेपर्यंत बहुधा तीच असते. लोखंडी पुलाचे गर्डर बदलतात, खांब बदलतात, रूळ बदलतात, वापर बदलतो आणि नाव मात्र तेच राहते. त्याला एकाच वेळी तीन-चार वये असतात. तो जपायचा म्हटले की त्यातले कोणते वय जपायचे, हे आधी ठरवावे लागते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांना दोन टोकांनी बांधून घेणाऱ्या खाड्यांवर आणि त्याच कंपनीने नर्मदेवर उभारलेल्या पुलावर हा प्रश्न नीट उलगडून पाहता येतो.

दोन नद्यांच्या मधून सुरुवात

बीबीसीआय कंपनी १८५५ साली स्थापन झाली. त्या काळच्या इतर रेल्वे कंपन्यांप्रमाणे तिलाही भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. नजर गुजरातच्या कापसावर होती. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भडोच-सुरतेच्या कापसाला सोन्याचे मोल आले.

या मार्गाचा पहिला तुकडा १० फेब्रुवारी १८६० रोजी उघडला. तो अंकलेश्वर ते उत्राण असा २९ मैलांचा होता. नकाशा पुढे घेतला तर त्यातली मेख दिसते. अंकलेश्वर नर्मदेच्या दक्षिण काठावर आहे, उत्राण तापीच्या उत्तर काठावर. म्हणजे दोन मोठ्या नद्यांच्या मधली, त्यांपैकी एकही ओलांडावी न लागणारी जमीन कंपनीने आधी धरली. या मार्गाचे खरे काम नद्यांचे होते, हे उद्घाटनाच्या क्रमावरूनच वाचता येते. पश्चिम किनाऱ्याने जाणारा मार्ग सह्याद्रीतून आणि त्याच्या उत्तरेकडून समुद्राकडे धावणारी प्रत्येक नदी आडवी कापत जातो. नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा, वसईची खाडी आणि शेवटी माहीमची खाडी. या मार्गाला घाट चढावा लागला नाही, मात्र पाणी पुन:पुन्हा ओलांडावे लागले.

मुंबई या मार्गावर सर्वांत शेवटी आली. ग्रँट रोडपर्यंतचा मार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजी सुरू झाला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली छापून निघाले होते. शहराच्या बारीकसारीक गोष्टी टिपणारा हा ग्रंथकार बीबीसीआयच्या गाडीला एका वर्षाने चुकला. त्याच्या काळी वांद्र्याहून मुंबईत येण्याचा पक्का रस्ता म्हणजे माहीमचा कॉजवे. १८४५ साली खुला झालेल्या त्या कॉजवेसाठी लेडी अवाबाई जमशेटजी यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते. कॉजवे भरावाचा आणि दगडाचा. त्याच खाडीवर पुढच्या वीस वर्षांत रेल्वेने आपला मार्ग नेला तो लोखंडाच्या जोरावर.

केनेडीचा साचा

या पुलांमागचा माणूस लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी. आयर्लंडात जन्मलेला, रॉयल इंजिनिअर्समध्ये घडलेला, सर चार्ल्स नेपियरचा विश्वासू. सिमल्याहून तिबेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात त्याचा हात होता, रेल्वेच्या प्रश्नावर तो सरकारचा सल्लागार अभियंताही होता. बीबीसीआयमध्ये येताना त्याच्या डोक्यात एक ठाम विचार होता: प्रत्येक नदीसाठी वेगळा पूल आखत बसायचे नाही. एकच गाळा ठरवायचा, साठ फुटांचा. नदी लहान असेल तर असे गाळे थोडे, खाडी रुंद असेल तर पुष्कळ. सगळे सुटे भाग एकाच मापाचे, इंग्लंडच्या ओतशाळेत आणि कारखान्यात तयार झालेले. किनाऱ्यावर उतरवायचे, बोल्ट मारायचे, पुढे सरकायचे.

या विचाराला भूगोलाचे कारण होते. सुवेझचा कालवा १८६९ साली उघडला. त्याआधी पुलाचे सारे लोखंड आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने येई. एखादा खास आखलेला अवजड भाग वाटेत मोडला किंवा बुडाला तर काम महिनोन्‌महिने अडून बसे. सगळे भाग एकसारखे असले तर वैतरणेचा तुकडा वसईला चाले.

वरचा भाग वॉरन पद्धतीच्या गर्डरचा होता. जेम्स वॉरन आणि विलोबी मोंझानी यांनी या रचनेचे पेटंट १८४८ साली घेतले. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या तिरप्या दांड्यांचे ओळीने त्रिकोण. चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण बाजू तुटल्याशिवाय आकार सोडत नाही, एवढ्याच तत्त्वावर ही रचना उभी असते. गाडी पुढे सरकते तसा काही दांड्यांवर ताण येतो, काहींवर दाब. भरीव पत्र्याच्या गर्डरपेक्षा लोखंड कमी लागते आणि जहाजावर चढवायला सुटे तुकडे सोपे पडतात. वेल्समधला क्रमलिनचा प्रचंड उंच पूल याच पद्धतीचा, १८५७ साली पूर्ण झालेला. केनेडी आपला साचा ठरवत होता त्या वर्षांत वॉरन गर्डर ही नव्या शास्त्राची खूण होती.

खालचा भाग त्याहून वेगळा. खाडीचा गाळ खोल असतो. त्यात पाणी अडवून, उपसून दगडी पाया घालणे खर्चाचे आणि वेळखाऊ. केनेडीने घेतला मळसूत्री खांब. हा शोध बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध अभियंत्याचा. त्याने १८३३ साली पेटंट घेतले आणि थेम्सच्या मुखाजवळ मॅपलिन सँड्सच्या वाळूत या खांबांवर दीपगृह उभारले. बिडाचा पोकळ नळकांडी खांब, त्याच्या टोकाला रुंद पात्याचे मळसूत्र. खांब ठोकायचा नाही, फिरवायचा. डोक्याशी चरकासारखी फिरकी बसवायची, तिला लांब आडव्या दांड्या लावायच्या आणि त्या बैलांकरवी किंवा माणसांकरवी गोल फिरवायच्या. पाते गाळ कापत खाली जाते. एक तुकडा बुडत आला की त्याच्या कडेवर दुसरा ठेवून कडांच्या भोकांतून बोल्ट आवळायचे आणि पुन्हा फेरा सुरू करायचा. पात्याखाली घट्ट थर लागला की फिरकी जड होते, तीच खोली पुरेशी झाल्याची खूण. रुंद पात्यामुळे खांबाला बसायला पाट मिळतो आणि उपटून यायलाही तो सहजी तयार नसतो. उभ्या खांबांना तिरप्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांशी जखडले की पायथा तयार.

पूर्व उपनगरांच्या बाजूला याच सुमारास ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जीआयपी रेल्वेने दुसरी वाट धरली होती. घाटकोपर, मुलुंडच्या अंगाने ठाण्याला गेलेला मार्ग १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोचला. त्याचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने १८६० साली लंडनच्या अभियंत्यांपुढे वाचलेल्या निबंधात ठाण्याच्या पुलांची माहिती दिली आहे. पूल दगडी कमानींचे, फक्त गलबतांच्या वाटेवर ८४ फुटांचा लोखंडी गर्डर. तिथे खडक जवळ होता आणि दगड हाताशी. दगड म्हणजे कायमचे, असेही नाही. जीआयपीचाच बोरघाटातला म्हौ-की-माळीचा दगडी पूल १९ जुलै १८६७ रोजी कोसळला. तेव्हा पूर्वेला दगड आणि पश्चिमेला लोखंड ही निवड आवडीनिवडीची नव्हती. पायाखाली काय लागते यावर ती ठरली.

नर्मदेने घेतलेली परीक्षा

केनेडीच्या साच्याची खरी कसोटी मुंबईत लागली नाही, भडोचला लागली. नर्मदेवरही त्याने साठ फुटी गाळ्यांचा पूल उभारला. खाडीत पाणी भरती-ओहोटीने येते-जाते, त्याचा जोर ठरावीक असतो. नर्मदेचा पूर मध्य भारतातला पाऊस घेऊन येतो आणि सोबत अख्खी झाडे वाहून आणतो. साठ-साठ फुटांवर खांब असले की झाडे अडकतात, अडकलेल्या झाडांमागे पाणी तुंबते, तुंबलेले पाणी खांबांच्या बुडाची माती खरवडते आणि आडवा रेटा वाढतो. १८६८ साली ए. सी. हाउडन या अभियंत्याने लंडनमध्ये नर्मदेच्या पुरांवर निबंध वाचला. नदीचे पाणी किती आणि पुलाखालची वाट किती, हा हिशेब पूल बांधल्यानंतर मांडावा लागत होता, हेच त्याच्या विषयावरून कळते. १८७६ च्या पुराने पुलाचा मोठा भाग नेला तेव्हा वाद संपला.

नवा पूल सर जॉन हॉकशॉ यांच्या संस्थेने आखला. ७ डिसेंबर १८७७ रोजी काम सुरू झाले आणि १६ मे १८८१ रोजी पूल खुला झाला. खांब कमी, गाळे लांब. लांबी सुमारे १,४१२ मीटर, खर्च ४५ लाख ६५ हजार रुपये. आधीच्या पुलाची बांधणी आणि पुरांनंतरच्या दुरुस्त्या धरल्या तर हा आकडा ८५ लाखांच्या वर जातो. एवढ्या पैशांत सोन्याचा पूल झाला असता, असे लोक म्हणत आणि ‘गोल्डन ब्रिज’ हे नाव त्यावरूनच रुळले, असे सांगितले जाते.

हे काम चालू असताना स्कॉटलंडमध्ये २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरचा पूल गाडीसकट कोसळला. सुमारे ७५ माणसे गेली. चौकशीत दोष निघाला तो पुन्हा बिडाच्या खांबांत: तिरप्या पट्ट्या ज्या कानांना बांधलेल्या होत्या ते बिडाचे कान कमजोर होते. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही आणि तुटताना आधी वाकून इशाराही देत नाही. त्यानंतरच्या पिढीतल्या अभियंत्यांनी बिडाच्या उंच खांबांकडे संशयाने पाहिले, यात नवल नाही.

गोल्डन ब्रिज आज उभा आहे तो नुसत्या मजबुतीमुळे नाही. त्याच्यावरचा भार वेळेवर उतरला म्हणून. १९३५ साली शेजारी रेल्वेचा सिल्व्हर ज्युबिली पूल झाला आणि जुन्या पुलावरून गाड्या जायच्या थांबल्या. त्यानंतर तो रस्त्याच्या कामी आला. पन्नास-साठ वर्षे इंजिनांचे हादरे सोसलेल्या सांगाड्याला मोटारी आणि बैलगाड्या हलक्याच होत्या. २०२१ साली शेजारी चौपदरी नर्मदा मैया पूल सुरू झाला तेव्हा मोटारींचा भारही कमी झाला. म्हणजे या पुलाची दोन निवृत्त्या झाल्या आणि दोन्ही वेळा तो पाडण्याआधी त्याच्यासाठी हलके काम सापडले. लोखंडी पूल टिकण्याचे सर्वांत खात्रीचे सूत्र हेच आहे. स्मारक म्हणून नुसता उभा ठेवलेला पूल रंगाच्या डब्यालाही महाग होतो, वापरात असलेल्या पुलाला निदान वर्षातून एकदा कोणी हातोडी मारून बघतो.

१८८८ हे कशाचे साल?

आता माहीमच्या खाडीकडे परत येऊ. २०२५ च्या जानेवारीत पश्चिम रेल्वेने माहीम आणि वांद्रे यांच्या मधल्या, याच खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीवरच्या पूल क्रमांक २० साठी रात्रीचे मोठे ब्लॉक घेतले. शेकडो लोकल रद्द झाल्या, प्रवाशांनी नेहमीप्रमाणे बोटे मोडली. त्या निमित्ताने रेल्वेने दिलेल्या माहितीत एक तपशील होता. हा पूल बिडाच्या मळसूत्री खांबांवर उभा होता. खांब आठ, प्रत्येकी आठ ते दहा टनांचा, सुमारे दोन फूट व्यासाचा, जमिनीत १५ ते २० मीटर खोल गेलेला. साल सांगितले होते १८८८. वर्तमानपत्रांनी १३७ वर्षांचा पूल असे मथळे दिले.

हे साल जरा तपासून घ्यायला हवे. मार्ग ग्रँट रोडपर्यंत सुरू झाला १८६४ साली. खाडी ओलांडल्याशिवाय गाडी ग्रँट रोडला पोचणे शक्य नव्हते. म्हणजे रेल्वेने ही खाडी ओलांडली त्याला १८८८ साली चोवीस वर्षे होऊन गेली होती. तेव्हा १८८८ हे ओलांडणीचे वय नव्हे, त्या विशिष्ट लोखंडाचे वय होय. दोन्ही साले खरी आहेत, दोन वेगळ्या गोष्टींची आहेत. ‘पूल कधी बांधला’ या एका प्रश्नात ती दोन्ही कोंबली की गोंधळ होतो.

या सालातून आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि ती जास्त मोलाची आहे. १८८८ साल नर्मदेच्या धड्यानंतरचे आहे, टेच्या अपघातानंतरचेही. तरीही इथे मळसूत्री खांबच घातले गेले. अभियंते जुने विसरले नव्हते. त्यांना नदी आणि खाडी यांतला फरक कळला होता. माहीमच्या खाडीत वाहून येणारी झाडे नव्हती, पूर मध्य भारतातून येत नव्हता आणि गाळ मात्र पूर्वीइतकाच खोल होता. जी पद्धत भडोचला हरली ती वांद्र्याला आणखी १३७ वर्षे लोकलखाली टिकली. एकाच साच्याला एका ठिकाणी नापास आणि दुसऱ्या ठिकाणी शतकाहून अधिक नोकरी, हा निकाल एकट्या पुलाकडे बघून कळत नाही. कंपनीचे सगळे पूल शेजारी ठेवावे लागतात.

मिठीचे रूप मात्र या काळात पालटले. काठांवर भराव पडले, पात्र आवळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जुनी जागा परत मागितली. त्यानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीपुढे नदीच्या मुखाशी पाण्याला वाट किती उरली आहे, हा प्रश्न होताच. हाउडनने १८६८ साली नर्मदेबद्दल विचारलेला प्रश्न मिठीच्या काठी १३७ वर्षांनी पुन्हा विचारला गेला. त्यामुळे २०२५ साली हे खांब काढण्याच्या निर्णयाला नावे ठेवता येणार नाहीत. रोज लाखो माणसे ज्या रुळांवरून जातात त्याखाली १८८८ चे बीड ठेवावे, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. विचारायचे ते एवढेच, की काढलेल्या लोखंडाबरोबर किती माहिती भंगारात गेली?

लोखंड कसे मरते

खाडीवरच्या लोखंडी पुलाला चार गोष्टी खातात. पहिली खारी हवा. भरतीच्या रेषेजवळचा भाग दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा सुकतो, तिथे गंज सर्वांत लवकर धरतो. रिव्हेटच्या डोक्याखाली आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचते ते रंगाच्या ब्रशला दिसत नाही. दुसरी गोष्ट भाराची. मुंबई उपनगरात कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजी धावली, बोरिवलीपलीकडे विरारपर्यंत ती १९३६ साली गेली. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी सोसणारा मार्ग काही मिनिटांना एक गाडी सोसू लागला. लोखंड वजनाने तुटते त्यापेक्षा फेऱ्यांनी अधिक थकते. तिसरी धातूची. १९०५ पूर्वीच्या पोलादाला रेल्वेच्या नियमपुस्तकात ‘अर्ली स्टील’ असे वेगळे नाव आहे, कारण त्यात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असू शकते आणि ते ठिसूळ वागू शकते. अशा गर्डरांची तपासणी अधिक वेळा करावी लागते. चौथी गोष्ट पुलाच्या बाहेरची: रेती. वसईच्या खाडीत रेल्वे पुलांच्या आसपास होणाऱ्या बेकायदा रेती उपशाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. खांबाभोवतीची माती गेली की वरचा पूल कितीही नवा असो, पाया लटकू लागतो.

भाईंदर आणि नायगावच्या मध्ये दारात उभे राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाने चालत्या गाडीतून शेजारचा गंजलेला जुना पूल पाहिला आहे. गाड्या नव्या पुलांवर गेल्या आणि जुना मागे राहिला. त्याला केनेडीचा पूल म्हणण्याचा मोह होतो. मात्र १८६७ सालच्या पांजे स्थानकाच्या दोन बाजूंचे पूल आणि विसाव्या शतकात अवजड गाड्या वाहणारे पूल एकच, हे केवळ जागा एक आहे म्हणून गृहीत धरता येत नाही. साठ फुटी गाळे आहेत का, गर्डर वॉरनचे की निराळ्या पद्धतीचे, धातू घडीव लोखंड की पोलाद, त्यावर कोणत्या कारखान्याचे नाव ओतलेले किंवा ठसवलेले आहे, या चार प्रश्नांची उत्तरे लोखंडावरच मिळतात. घडीव लोखंड तोडले तर लाकडासारखे धागे दिसतात, पोलाद दाणेदार तुटते, बिडाचा तुकडा राखाडी आणि कोरडा दिसतो. संग्रहालयातला कागद हरवला तरी ही साक्ष हरवत नाही. भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली मात्र ती पंधरा मिनिटांत संपते.

जपायचे म्हणजे काय करायचे

मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली, देशात पहिली. पुलांच्या बाबतीत मात्र वारशाची गाठ रेल्वेच्या ब्लॉकशी पडते आणि ब्लॉकच जिंकतो. १८७९ चा हँकॉक पूल २०१६ साली गेला. कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये उतरवला गेला. कर्नाकचे नशीब एवढे बरे, की त्याच्या कठड्यात नाव आणि साल कोरलेले दगड होते आणि ते वाचवले गेले. दगडावर अक्षर असते म्हणून कोणाला तरी तो उचलून ठेवावासा वाटतो. बिडाच्या खांबावर अक्षर असलेच तर गाळात असते.

जुना म्हणजे धोक्याचा, हे समीकरणही तपासून पाहावे. अंधेरीचा गोखले पूल १९७५ चा, काँक्रीटचा. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चौघे गेले, तोही एकोणिसाव्या शतकातला नव्हता. उलट, जुन्या पुलावर नुसता साज चढवला तर काय होते ते मोरबीने दाखवले. १८७९ चा झुलता पूल दुरुस्तीनंतर पुन्हा उघडला आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला. १३५ माणसे गेली. तपासात आढळले की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजून गेलेल्या होत्या. नवे होते ते पायाखालचे, जुने राहिले ते भार पेलणारे. वारसा जपण्याच्या नावाखाली यापेक्षा उलटे काम करता येत नाही.

याच्या शेजारी दोन बरे दाखले आहेत. एक नर्मदेचा, त्याबद्दल सांगून झाले. दुसरा अहमदाबादचा एलिस पूल. हिंमतलाल धीरजराम भचेच या देशी अभियंत्याने १८९२ साली बांधलेला हा कमानदार सांगाड्याचा पोलादी पूल शहराने पाडला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या दोन्ही अंगांना नवे पूल बांधले, वाहतूक त्यांच्यावर नेली आणि जुना मध्ये राहू दिला. वेल्समधल्या क्रमलिनची कथा याच्या उलट आहे. त्याचे नाव वारसा यादीत होते, तरी १९६० च्या दशकात तो उतरवला गेला. यादी पुलाला वाचवत नाही. शेजारी दुसरी वाट आणि जुन्याला हलके काम, या दोन गोष्टी वाचवतात.

प्रत्येक पूल असा वाचणार नाही, वाचू नयेही. खाडीवर जागा मोजकी असते आणि माहीमसारख्या ठिकाणी जुना खांब काढल्याशिवाय नवा गर्डर बसत नाही. अशा वेळी जपायचे ते ज्ञान, आणि त्याला खर्च फार येत नाही. ब्लॉकची तारीख ठरते त्याच दिवशी चार कामांचीही तारीख ठरावी. पूल उतरवण्यापूर्वी त्याचे मोजमापाचे आराखडे आणि प्रत्येक जोडाची छायाचित्रे. कारखान्याच्या खुणांचे ठसे. धातूचा एक नमुना, तपासणीच्या अहवालासह. आणि एक मळसूत्री पाते, खांबाच्या निदान एका तुकड्यासह, लोकांना बघता येईल अशा जागी. कागद एलफिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात ठेवले तर पन्नास वर्षांनी कोणाला तरी सापडतील. ठेकेदाराच्या निविदेत ‘भंगाराची विल्हेवाट’ असा एक रकाना असतोच, त्याच्या वरच्या ओळीत ‘नोंद व नमुने’ हा रकाना घालायला नव्या कायद्याची गरज नाही.

केनेडीने सगळे भाग एका मापाचे केले ते बदलता यावेत म्हणून. त्याच्या पुलांचे गर्डर बदलले, खांब बदलले, यात त्याचा पराभव नाही, त्याच्याच पद्धतीचा तो वापर आहे. इतिहासकाराची मागणी त्याहून साधी आहे: भाग बदलताना काय काढले आणि काय घातले, ते तारखेनिशी लिहून ठेवा. तसे झाले तर पुढच्या पुलाला त्याचे एक साल सांगून भागणार नाही, प्रत्येक गाळ्याचे आणि प्रत्येक खांबाचे साल सांगावे लागेल, आणि ते सांगता येईल.